कठड्याला शिंगांचा रंग

साल १९९८. सपना सून म्हणून आमच्या घरात आली त्याच वर्षीचा पोळा, म्हणून साल चुकत नाही.

आष्टीच्या बाजारओळीत आमचं घर. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही, आणि रस्त्याच्या अंगाला पुढे काढलेली लांब गॅलरी. तिचा लोखंडी कठडा सासऱ्यांनी हौसेनं बसवून घेतलेला. पोळ्याला आमच्या बैलांची शिंगं रंगवून जो आईलपेंट उरे, तो टाकायचा नाही, कठड्याला लावायचा, अशी घरची रीत. एका वर्षी लाल, एका वर्षी हिरवा, कधी पिवळा. ओळीत तसा झळकणारा कठडा दुसरा नव्हता. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

गॅलरीच्या पोटाचं सिमेंट दुकानाच्या पायरीवर पडू लागलं, म्हणून पोळ्याच्या चार दिवस आधी पुनाजी गवंड्याला बोलावलं. गोंडाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं खालून बराच वेळ पाहिलं, मग वर येऊन एका खांबाच्या बुडाशी बसला.

"बाई, गॅलरी धुता तं पानी कुठं जाते?"

"कठड्याकडं. तिकडंच ढाळ हाय."

"ते पानी खांबाच्या बुडाशी बसते. आतलं लोखंड गंजून फुगलं, म्हनून खालून सिमेंट फुटून राह्यलं."

त्यानं छन्नीनं रंग खरवडला. लाल, हिरवा, पिवळा, पुन्हा लाल. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे सगळे पोळे निघाले. मग छन्नीचं टोक दाबलं. भिजल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं ते खांबात शिरलं.

"खांब नाई उरला, बाई. रंगच उभा हाय."

नऊ खांब त्यानं हातोडीनं ठोकून पाहिले. दोन खणखणले. सात बदबद वाजले.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून रस्त्यानं निघतात. त्या दिवशी घरच्या नव्या सुनेनं गॅलरीतून वाकून पोरांवर फुटाणे-चिरंजी उधळायची, आणि ओळीतल्या वीस-पंचवीस बायकांनी कठड्याला रेलून पाहायचं. सपनाला तेव्हा पाचवा महिना होता.

मी ह्यांना वर बोलावलं. किसनराव आले, त्यांनी दोन्ही हातांनी कठडा ढकलला.

"हालला काय?"

"नाई."

"मंग? पुनाजी, तुहा भाचा-बिचा वेल्डिंग शिकून राह्यला काय गा?"

पुनाजी हसला नाही. "वेल्डर सासुरवाडीले गेला, शेट. सणानंतर येईन. तोवर मी आतून बांबू बांधतो, भिंतीच्या कड्यायले. बायका त्याच्या मागं उभ्या राहतीन."

"सणाच्या दिवशी घराच्या तोंडाशी बांबू? माह्या घरातून तिरडी निघून राह्यली काय?"

आतून माझ्या नणंदेचा, शकुंतलाबाई आक्कांचा आवाज आला, "अवं लीला, माह्या लग्नात अर्धं गाव रेललं होतं त्या कठड्यावर!"

"तवा त्याच्यावर एकच हात रंग होता, आक्का," मी म्हणाले.

पुनाजी जिना उतरताना थांबला. "तुमी तरी टेकू नोका," एवढंच म्हणाला.

पुढचे तीन दिवस मी गॅलरीत भिंत धरूनच चालायची. सपना केस वाळवायला कठड्याशी गेली तर मी तिला काहीतरी काम सांगून आत बोलवायची. ह्यांना पुन्हा विचारलं. "लोकायले काय सांगू? किसनराव सोताच्याच घराले भ्याला म्हनून?" असं म्हणून ते बाहेर पडले.

तान्ह्या पोळ्याला सकाळी मी उरलेला लाल रंग घेतला आणि सगळा कठडा जाडजूड रंगवला. आभाळ भरलेलं, हवा ओली. रंग वाळणार नव्हता. नव्या लुगड्याला डाग कोण लावून घेईल? मला दुसरं काही सुचलं नाही.

ते लागू पडलं. दुपारी बायका आल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. "काय व लीलाबाई, आजच मुहूर्त सापडला काय रंगाले?" एकीनं टोमणा मारला. सपना सूप घेऊन मध्येच थांबली. खाली पोरं ओरडत होती. पुनाजी बोलावलेला नसताना काठी घेऊन गॅलरीखाली उभा होता आणि पोरांना रस्त्याच्या पलीकडे हाकलत होता.

हे दुकानातून वर आले. बायका मागे, सून मागे, खाली सगळं गाव पाहतंय.

"काऊन थांबली व पोरी?"

"मामाजी, रंग वला हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. सपनाच्या हातातलं सूप त्यांनी घेतलं, पांढरंशुभ्र धोतर त्या लाल रंगाला टेकवलं आणि पुढे वाकून फुटाणे उधळले. एकदा उधळले, दोनदा उधळले. मी "अहो" म्हणाले.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. चार खांब एकदम बाहेर कलले, आणि सूप, कठडा, हे, सगळं खाली गेलं. खाली पोर एकही नव्हतं.

हे वाचले, पण पाठीचा मणका गेला. तीन वर्षं खाटेवर होते, २००१ मध्ये गेले. कठड्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

"वल्या रंगावरून माह्या भावाचा हात घसरला, अन् रंग लीलानं लावला होता," असं आक्का येईल त्याला सांगायच्या. गावानंही तेच धरलं. २००४ मध्ये त्या माझ्याच हातचं पाणी पिऊन गेल्या.

सपनाला मुलगी झाली. ती आणि माझा मुलगा नालवाडीला राहतात, तळमजल्यावर.

पुनाजीनं गॅलरीचं दार विटांनी बुजवून दिलं. आता गुडघ्यांमुळे त्याचं काम सुटलं, तो लेकीकडे असतो.

मी याच घरात आहे. हात घसरला नव्हता. मी मागे उभी होते, खांब बुडातून मोडताना मी पाहिले.