माझ्यावर दवाखाना व्हायचा होता

अहो, इकडे खाली बघा, लॉन्सच्या हिरवळीखालून मी बोलतेय. नाशिकच्या इंदिरानगरपलीकडची अर्धा एकर जमीन आहे मी. एरवी वर डीजे वाजत असतो, माझं कोण ऐकणार? आज मुहूर्त नाही, तेवढ्यात बोलून घेते.

मी मूळची सहादूबाबांच्या मळ्यातली. मेथी, कोथिंबीर, कधी फ्लॉवर पिकवायची. त्यांची बायको कुसाबाई मला निंदायची-खुरपायची. दुसऱ्या बाळंतपणात तिला रक्तस्राव सुरू झाला. टेम्पोतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली बिचारी, बाळही गेलं.

पुढे शहर वाढत बांधापर्यंत आलं. कुठं घरं, कुठं बाग, कुठं रस्ता हे ठरवणारा विकास आराखडा निघाला. त्यात माझ्यावर आरक्षण पडलं, 'दवाखाना व प्रसूतिगृह'. भाऊबंद म्हणाले, "कोर्टात जा, सोन्याचा तुकडा हाय!"

सहादूबाबा म्हणाले, "दवाखानाच व्हणार ना? मंग घेऊ द्या म्हापालिकेला. माझी कुसा तर गेली, दुसऱ्याची तरी वाचंल."

मी अशी हरखले म्हणून सांगू! पण वर्षं सरली, एक वीट पडली नाही. चहूकडे इमारती उठल्या आणि मी डबकी, डास नि कचरा सांभाळत बसले.

मग आराखडा सुधारायला निघाला, लोकांकडून हरकती मागवल्या. समोरच्या सोसायटीचे चेअरमन शेखरराव. त्यांनी सभा घेतली. "दवाखाना आला की दारात रांगा, खोकणारी माणसं. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही. त्यापेक्षा लग्नाचं लॉन्स मागू." काय टाळ्या पडल्या!

संक्रांतीचे दिवस होते. त्यांच्या बायकोनं, वैष्णवीताईंनी, घरी हळदीकुंकू ठेवलं. वाण हातात द्यायचं की लगेच अर्ज पुढे करायचा. कुणी विचारलंच, "कशाचं गं हे?" तर म्हणायचं, "अगं, हॉलसाठी!" वाण घेतल्यावर नाही कोण म्हणणार? शंभरावर सह्या एका संध्याकाळी झाल्या.

सहादूबाबा सुनावणीला एकटेच गेले. "साहेब, दवाखाना ऱ्हाऊ द्या." साहेबांनी विचारलं, "तुमच्या बाजूनं आणखी कोणी?" कोणी नव्हतं. आरक्षण बदललं आणि माझ्यावर लॉन्स झालं.

वैष्णवीताईंना दमा होता. यंदाच्या मार्गशीर्षात एका वरातीनं फटाक्यांची लांबलचक माळ लावली. धूर थेट त्यांच्या गॅलरीत. त्यांचा श्वास कोंडला, पंपानंही भागेना. शेखरराव गाडी काढायला धावले, तर गेटसमोर घोडा, डीजे आणि नाचणारी माणसं. "अहो, रस्ता द्या हो!" ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते. शेवटी चौघांनी वैष्णवीताईंना उचललं आणि माझ्यावरून मागच्या रस्त्याकडे निघाले. अर्ध्यातच त्यांना खाली ठेवावं लागलं. वऱ्हाडातला एक डॉक्टर धावत आला. म्हणाला, "ऑक्सिजन आणि औषधाची वाफ वेळेत मिळायला हवी होती. साध्या दवाखान्यातही असते."

माझ्याच अंगावर गेल्या हो त्या. माझा जीव तुटला, पण माती कुणाला श्वास देणार?

तेराव्याला सहादूबाबा भेटायला आले. शेखरराव त्यांच्या गळ्यात पडून रडले. "बाबा, मी माझ्या हातानं घात केला."

बाबा टोचून एक शब्द बोलले नाहीत. "अर्ज लिहा," म्हणाले, "मी येतो संगं."

साऱ्या सोसायटीनं सह्या केल्या, या वेळी वाचून. परवा महापालिकेचं उत्तर आलं. 'सदर जागा विकसित झालेली आहे. मागणीचा विचार पुढील आराखड्याच्या वेळी करता येईल.' आराखडा निघतो वीस वर्षांतून एकदा. ऐंशीच्या बाबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि ते घरी गेले.

मी माती, पडून राहीन. पण समोरच्या इमारतींतून रोज सकाळी खोकल्याचे आवाज येतात, ते मला ऐकवत नाहीत. तुमच्या गावात आराखडा लागला असेल, तर आजच जाऊन बघा बाबांनो. हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात, भोगायला वीस वर्षं.