सगुणाबाईंच्या तीन बहिणी

“वय काय तुमच्या बहिणीचं?” क्षिप्रानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

“माज्याच वयाची,” सगुणाबाई बोलून गेल्या.

“म्हणजे जुळी?”

सगुणाबाई गडबडल्या. खोटं बोलायचं ठरवून आलं, तरी असले बारीकसारीक फाटे आधी कुणाला सुचतात?

“जुली नाय गो, पाठची. उरनला दिलेली. तिला सारकी तहान लागते. रातचा चार-चारदा उठाला लागतं. बग ना तुज्या मोबाइलमदी काय ते.”

करावे गावातलं हे घर सगुणाबाईंचं. खाली त्या एकट्या आणि वर भाड्यानं राहणाऱ्या तीन मुली, तिघीही नेरूळच्या कॉलेजात. क्षिप्रा सांगलीची, जाई चिपळूणची, तेजश्री नाशिकची. डॉक्टरकीची एकही नव्हती. एक मॅनेजमेंट शिकत होती, एक कॉम्प्युटर, आणि तेजश्री नेमकं काय शिकते ते तिच्या आईवडिलांनाही धड सांगता येत नसे. पण सगुणाबाईंच्या लेखी कॉलेज म्हणजे कॉलेज. एकदा पोरगी तिथे गेली की तिला सगळं ठाऊक असायलाच हवं.

तहान सगुणाबाईंनाच लागत होती, हे काय सांगायला हवं? खाडीत कालवं काढताना पायाला शिंपला लागून झालेली जखमही त्यांचीच. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड हल्ली धुरात बसल्यासारखं दिसायचं, तेही त्यांनाच. पण दुखणं आपलं आहे म्हटलं, की बातमी मितेशच्या कानावर गेलीच म्हणून समजा. मितेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कामोठ्याला सातव्या मजल्यावर राहायचा आणि आईला तिकडे न्यायला टपूनच बसलेला. आईनं या वयात चिखलात उतरावं, हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. सातव्या मजल्यावर बसून करायचं काय, खालच्या गाड्यांचे टप बघायचे? त्यापेक्षा चिखल बरा, असं सगुणाबाईंचं साधं म्हणणं होतं.

म्हणून बाजारात मासळीचे वाटे घालतात तसे त्यांनी आपल्या दुखण्याचे तीन वाटे घातले. तहान क्षिप्राला, जखम जाईला, डोळे तेजश्रीला. प्रत्येकीला वेगळी बहीण दिली. एक उरणची, एक बेलापूरची, एक पनवेलची.

मुलींनी कामात कसूर केली नाही. क्षिप्रानं चार ठिकाणी वाचलं, ताडून पाहिलं आणि शेवटी विचारलं, “काकू, त्या सुकी मासळी फार खातात का?”

“खानारच ना. मंग काय श्रीखंड खाईल?”

“मग मिठामुळे असेल. सुकी मासळी कमी करायला सांगा. आणि नाहीच फरक पडला तर डॉक्टर.”

सगुणाबाईंनी यातलं ‘डॉक्टर’ तेवढं तिथेच जिन्यात सोडलं आणि बाकीचं खाली नेलं.

जाई तर शिकवायलाच बसली. “काकू, नेटवर कोणीही काहीही लिहितं. आपण आधी लिहिणारा कोण ते बघायचं, मग तारीख बघायची. जखम किती दिवसांची आहे?”

“जाले असतील दोन दिस.” जखमेला महिना उलटून गेला होता.

“मग काय टेन्शन नाही. स्वच्छ धुवायची, कोरडी ठेवायची, अनवाणी फिरायचं नाही.”

तेजश्रीनं पनवेलच्या बहिणीला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं आणि मोकळी झाली. सगुणाबाई खूश झाल्या. दवाखान्याची पायरी न चढता तीन डॉक्टर झाले होते. त्यांनी सुका बोंबील सोडला, पाय साबणानं धुतला, घरातसुद्धा चप्पल घातली. जखम मात्र लुगड्याच्या काठाआड पसरतच चालली.

शनिवारी दुपारी कोलंबीचं कालवण घेऊन त्या जिना चढत होत्या. पाय ठणकत होता, म्हणून अर्ध्यावर टेकल्या, तर वरून मुलींचं बोलणं ऐकू आलं. कॉलेजनं मोबाइलवर काहीतरी प्रश्न धाडले होते.

“‘नेटवर आरोग्याची माहिती शोधणं तुम्हाला किती जमतं?’ पाचपैकी पाच,” तेजश्री म्हणाली. “परवाच काकूंच्या पनवेलच्या बहिणीचे डोळे मी सॉर्ट केले.”

“पनवेल? बेलापूर,” जाई म्हणाली. “आणि डोळे नाही, पाय.”

“ए, उरण,” क्षिप्रा म्हणाली. “तहान.”

“काय माहेर आहे गं काकूंचं. सगळ्याच आजारी?”

तिघी हसल्या. मग क्षिप्राचं हसू थांबलं. “काकू हल्ली लंगडतात, बघितलंत?”

क्षिप्रानं तिन्ही बहिणींची दुखणी एका ओळीत लिहिली आणि शोधलं.

“शुगर,” ती हळू आवाजात म्हणाली.

जिन्यात सगुणाबाईंनी ते ऐकलं. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. तो आपल्या दारी येऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप. पण आता कालवण घेऊन परत खाली जाणं काही बरं दिसलं नसतं. त्या वर गेल्या. तिघींची नजर त्यांच्या पायाकडे गेली.

“काकू, खरं सांगा,” जाई म्हणाली. “बहिणी किती तुम्हाला?”

“एक व्हती. सुंदरा.” सगुणाबाई खाली बसल्या. “उरनला दिलेली, ता खरा हाय. तिनं पन असाच लपवला. आंगठा काला परला, तवा दवाखान्यान नेली. आदी पाय गेला, मंग ती गेली.” त्यांनी कालवणाचं भांडं जमिनीवर ठेवलं. “मना लय भ्या वाटतं गो. मना माजा पाय पायजे. मना खारीन कालवं काराला जायाचं हाय.”

क्षिप्रानं मोबाइल बाजूला ठेवला आणि त्यांचा हात धरला. “म्हणून तर आजच जायचं, काकू. आत्ता.”

“मितेशला सांगू नको.”

“आधी डॉक्टरला सांगा. मितेशदादाचं नंतर बघू. पण डॉक्टरला अख्खं सांगायचं. वाटे घालायचे नाहीत.”

तेजश्रीनं मोबाइलवरचा पाचाचा आकडा गुपचूप दोनावर आणला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समोरच्या चौघींकडे पाहिलं. “पेशंट कोण?”

तिघी मुलींनी एकदम तोंड उघडलं. सगुणाबाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

“नाव?”

“सगुना पंढरी तांडेल.”

“काय होतंय?”

“माज्या बहिनीला…” सवयीनं जीभ घसरली. त्या थांबल्या. मग त्यांनी चप्पल काढली, लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि इतके दिवस झाकलेला पाय डॉक्टरीणबाईंच्या समोर, दिव्याच्या उजेडात ठेवला.

“ह्यो बगा,” त्या म्हणाल्या. “माजा हाय.”