काकांची नळी आणि सदतीस अंश

माझे काका शिंपी. तीस वर्षं कात्रीनं त्यांचं ऐकलं. एकतिसाव्या वर्षी तिनं तर्जनीच्या मुळाशी असा चावा घेतला की जखम भरली, पण आतला मज्जातंतू तुटून बोट बधिर झालं. सुई टोचली तरी ढिम्म. काका म्हणायचे, "कापड बोटाला कळत नसेल, तर शिंप्यात आणि खुंटीत फरक काय? कपडे तर तीही धरते."

डॉक्टरीणबाईंनी उपाय काढला. तंतूच्या दोन टोकांमध्ये बारीक नळी बसवायची. तिच्यातून तंतू रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढत पुढं सरकतो आणि नळी पुढं अंगातच विरून जाते.

"म्हणजे कच्चा टाका," काका म्हणाले. "वर उसवायचं कामही नाही. सांभाळून हो, असं चालू झालं तर आम्ही जेवायचं काय?"

डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेनं नळ्या दोनच बनवल्या. त्या निर्जंतुक करायचं काम रुग्णालयाच्या तळघरात, माझ्याकडे. तिथं दोन यंत्रं आहेत. एक माझ्यासोबत काम करणाऱ्या जुन्या मावशींचं, वाफेचं, एकशे चौतीस अंशांचं. दुसरं माझं, गॅसचं, सदतीस अंशांचं. मावशी त्याला यंत्र मानत नाहीत.

"सदतीस? जंतू काय अंघोळीला आलेत?"

"जास्त तापवलं तर नळी वितळेल, मावशी."

"अठ्ठावीस वर्षांत माझ्याकडं काही वितळलेलं नाही."

पहिल्या नळीच्या डबीवर मी ठळक लिहिलं, 'उष्णतेपासून जपा', आणि सही आणायला वर गेलो. मावशींनी ते वाचलं आणि मनापासून जपलं. आमच्या खोलीत मौल्यवान वस्तू जपायची जागा एकच, वाफेच्या यंत्राच्या डोक्यावर. मावशींचा चष्मा, डबा, पावसात भिजलेल्यांचे मोजे, सगळं तिथंच. "धक्का लागत नाही ना तिथं," त्या म्हणाल्या.

परत येऊन मी डबी उघडली. आत चघळून टाकलेल्या गोळीसारखं काहीतरी होतं.

"जरा वाकलीय," मावशी म्हणाल्या. "दे, सरळ करते."

"कशानं?"

"वाफेवर धरून."

दुसरी नळी मी फ्रीजमध्ये ठेवली होती, कारण मी स्वतःवरही भरवसा ठेवत नाही. डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी शस्त्रक्रिया. तिसरी नळी नाही, हे लक्षात ठेव."

नळी गॅसमध्ये गेली. जंतू मारायला काही तास, आणि मग तोच गॅस नळीतून पुरता निघून जायला त्याहून जास्त. तो उरला तर जंतूंच्या पाठोपाठ तंतूचाही नंबर. मावशींनी यंत्रासमोर स्टूल टाकलं. आता त्या कुणाला दाराच्या कडीकडे बघूही देईनात. मलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून फोन आला, "झालं का? पेशंट तयार आहे."

मावशींनीच उचलला. "बाळंतपण आहे ते. घाई केली तर कुणाच्या हाती काही लागणार नाही. अजून चाळीस मिनिटं." आणि ठेवला.

एकेचाळिसाव्या मिनिटाला नळी वर गेली आणि काकांच्या बोटात बसली.

मग काका रोज फोन करायचे. "आज काही नाही." दुसऱ्या दिवशी, "आजही काही नाही, पण ते काही नाही जरा पुढं सरकल्यासारखं वाटतंय." तीन महिने हेच. मावशी आल्या आल्या विचारायच्या, "बोटाला कळलं का?" मी नकारार्थी मान हलवायचो. त्या आपल्या यंत्राच्या डोक्यावरची धूळ पुसायच्या. तिथं आता काहीच ठेवत नव्हत्या. मोजेही नाहीत.

चौथ्या महिन्यात फोन खणाणला. पलीकडे काका बोंबलत होते.

"भाजलं रे! इस्त्रीला बोट लागलं! तेच बोट! आई गं, काय झोंबतंय!"

काकू मागून हसत होती, की रडत होती, ते कळेना. घरात कुणाला भाजल्याबद्दल पेढे वाटायची पाळी आमच्यावर पहिल्यांदाच आली.

मी मावशींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आपल्या वाफेच्या यंत्रावर प्रेमानं थाप मारली.

"बघ," त्या म्हणाल्या. "शेवटी उष्णताच कामी आली ना?"