चढावपाड्याची संध्याकाळ

२०१७च्या सप्टेंबरात चढावपाड्यात संध्याकाळ लवकर होऊ लागली. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगावरचा हा पाडा. दुपारची जेवणं उरकून बायका भांडी घासायला बसत तेव्हा हातातली राख दिसेनाशी होई. आभाळात ढग नसत. शिवाय लहानथोर सगळ्यांचा डोळा लवत होता. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, काहींचे दोन्ही. हे शुभ की अशुभ, याची चर्चाही लोकांनी सोडून दिली होती.

नवशी पाड्यातली आशा सेविका. तिची मुलगी गंगी पाच वर्षांची. गंगीच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती आणि उभं केलं की तिचे पाय दुमडत होते. तापाची औषधं देऊन झाली होती; ताप नव्हताच. पाणी तपासणारी एक मुलगी डहाणूला आली आहे, असं नवशीला बैठकीत कळलं आणि तिने तिला बोलावून घेतलं.

ती चंद्रिका. किनाऱ्यावरच्या आगर गावातल्या मच्छीमार घरातली, रसायनशास्त्रात एमएससी झालेली, मुंबईच्या एका प्रयोगशाळेच्या प्रकल्पावर काम करणारी. तिच्या पिशवीत मोबाइलएवढं यंत्र आणि पट्ट्यांची पाकिटं होती. प्रत्येक पट्टीच्या टोकाला कार्बनचा काळा ठिपका, त्यावर एन्झाइमचा पातळ थर. हेच एन्झाइम माणसाच्या शरीरातही असतं. नसेने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसून टाकणं, हे त्याचं काम. शेतात फवारायची काही औषधं नेमकी त्यालाच मारतात. पट्टीवर पाण्याचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, मग कुपीतलं द्रावण सोडायचं. एन्झाइम जिवंत असेल तर यंत्रावर करंटचा आकडा चढतो. मेलं असेल तर चढत नाही.

"माझ्या पोरीला काय झालंय तेवढं सांगा, मॅडम," नवशी म्हणाली. "बाकी मला काय नको."

चंद्रिका नवशीच्याच घरी राहिली. नवशीचा सासरा सुक्या ओटीवर बसलेला असे. त्याने तिचं गाव विचारलं आणि हसला. "आगर! म्हणजे तू मासळीवाली. आमच्या डोंगरात काय गावणार तुला?"

"गावेल काहीतरी, बाबा."

"खेकडं तर नाय गावायचं. औंदा एक पण नाय."

पाडा झिऱ्याचं पाणी पीत असे. शेताच्या खालच्या अंगाला खडकातून झिरपणारं ते पाणी स्वच्छ आणि गार होतं. दुसऱ्या दिवशी चंद्रिकाने त्याचा थेंब पट्टीवर टाकला. आकडा चढला नाही. मग नियमाप्रमाणे तिने दुसऱ्या पट्टीवर चांगलं पाणी टाकलं. येताना तलासरीच्या दुकानातून सीलबंद बाटली घेतली होती, त्यातलं. तोही आकडा चढला नाही. तिने नवं पाकीट फोडलं. पुन्हा तेच. स्वच्छ पाण्यातसुद्धा एन्झाइम मेलेलंच निघत होतं.

नवशी बघत होती. "म्हणजे मशीनला पण आमच्यासारखंच झालं."

चंद्रिकाला हसू आलं नाही. तिने अंगणात पट्ट्या मांडून फोटो काढले आणि जिथे रेंज मिळते त्या खडकावर चढून मुंबईला प्रयोगशाळेतल्या तुषार सरांना पाठवले. परतायला उशीर झाला असं तिला वाटलं. पायवाट धुरकट दिसत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"पट्ट्या गेल्या सगळ्या," सर म्हणाले. "उन्हात ठेवल्यास ना? कंट्रोलचं चांगलं पाणीसुद्धा शून्य दाखवतंय म्हणजे एन्झाइम मेलंय. फेकून दे, पुढच्या आठवड्यात नवीन पाठवतो."

"सर, पट्ट्यांच्या डब्यात बर्फ होता."

"मग वितळला असेल. आणि फोटो सावलीत काढत जा गं. इतकं ऊन आहे की आकडे वाचता येत नाहीत."

"ऊन कुठंय, सर? अंधारून आलंय इथे."

"चंद्रिका, आत्ता दुपार आहे. फोटोत तुझ्या हाताची सावली पडलीये. काळीकुट्ट."

तिने वर पाहिलं. आभाळ विझत आलेल्या चुलीसारखं होतं. पण हात ठेवला होता तो खडक तापलेला होता आणि मानेवर ऊन चावत होतं. ते तिला जाणवत होतं, दिसत नव्हतं. तिची डावी पापणी आपोआप उडाली.

ती धडपडत खाली आली आणि गंगीजवळ बसली. पोरीच्या पापण्या वर करून तिने अगदी जवळून पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीहून लहान झाल्या होत्या. नवशीच्याही तशाच. मग तिने मोबाइलमध्ये स्वतःचे डोळे पाहिले. तिच्या बाहुल्याही तेवढ्याच; उजेड आत शिरायला जागाच नव्हती.

"ही बाटली कुणी भरली?" तिने विचारलं.

"मीच," नवशी म्हणाली. "अर्धी झाली की भरते. पाव्हण्याचं भांडं रिकामं ठेवतात का?"

"कुठलं पाणी?"

"झिऱ्याचंच. दुसरं आहे कुठलं?"

पट्ट्या जिवंत होत्या. चंद्रिकाने दोन्ही वेळा एकाच पाण्याची चाचणी केली होती, आणि आल्यापासून ती तेच पीत होती.

झिऱ्याच्या वर सुक्याचं शेत होतं. भात पोटरीला आलं होतं. बांधावर उभं राहिल्यावर चंद्रिकाच्या लक्षात आलं की इथे काहीच आवाज नाही. बेडूक नाही, रातकिडा नाही, पाण्यावर सरकणारा किडा नाही. बांधाच्या पोटाशी ओळीने बिळं होती आणि प्रत्येक बीळ चिखलाने नीट लिंपलेलं होतं.

"खेकडं बांध फोडतात," सुक्याने सांगितलं. त्याच्या आवाजात समाधान होतं. "पाणी निघून जातं. चिकूच्या वाडीतलं फवारायचं औषध आणलं, शिजल्या भातात कालवलं, एकेक मूठ बिळात घातली आणि तोंड बंद केलं. चांगलं जिरलं."

"किती दिवस घालताय?"

"लावणी झाली तेव्हापासून. पाऊस आला की धुवून जातं, मग परत घालायचं."

नवशीने बिळांकडे पाहिलं, मग खाली झिऱ्याकडे. ती धावत घरी गेली आणि गंगीला पाठीशी बांधून बाहेर आली. चंद्रिकाने दारोदार जाऊन सांगितलं की झिऱ्याचं पाणी पिऊ नका, गाडी पाठवते. लोकांनी माना हलवल्या. कोण कुठे बघतंय ते कळत नव्हतं.

डहाणूच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत गंगीच्या छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरांनी डोळे पाहिले, चंद्रिकाचं बोलणं अर्ध्यावर थांबवलं आणि इंजेक्शन मागवलं. एकामागून एक देत राहिले. रात्र गेली. पहाटे घरघर थांबली आणि गंगी कूस बदलून झोपली. नवशी भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. इंजेक्शन तिलाही दिलं होतं, चंद्रिकालाही.

"पाड्यात माणसं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

सकाळी दोन गाड्या निघाल्या. वाट दाखवायला पुढच्या गाडीत चंद्रिका होती. इंजेक्शनाने आता तिच्या बाहुल्या उघडल्या होत्या. ऊन डोळ्यांत टोचत होतं, एकेक पान वेगळं दिसत होतं. चढाच्या तोंडाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"मॅडम, हे लोक काय करतायत?"

डोंगरावरून पाडा खाली येत होता. एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, पायाने वाट चाचपत. म्हाताऱ्या, पोरं, कडेवरची तान्ही. काहींच्या हातात पेटलेले कंदील होते, काहींच्या हातात बॅटऱ्या. भर उन्हात त्या ज्योती जेमतेम दिसत होत्या.

सगळ्यांच्या पुढे सुक्या होता. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. गाडीचा आवाज ऐकून तो थांबला आणि कंदील उंच करून आवाजाच्या दिशेने धरला.

"कोण, मासळीवाली का? आमची गंगी कशी आहे?"

"बरी आहे, बाबा. झोपलीये."

त्याने मान हलवली. मग कंदील तिच्या पायांकडे झुकवला.

"जपून ये, पोरी. फार काळोख आहे."