सोबत कोण?

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घेणाऱ्या त्या बाईला ऑफिसात सगळे साखरबाई म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, त्यात लपवाछपवी नव्हती. नळाला पाणी नाही म्हणून कुणी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी ती "तुमची अडचण समजू शकते हं" असं इतक्या मऊ आवाजात म्हणायची की शिव्या देणाराच ओशाळायचा. साहेब तर नवीन माणसाला मुद्दाम तिच्या शेजारी बसवायचे, शिका म्हणून. आता एवढं कौतुक चाललंय म्हटल्यावर माणसानं चिडायचं तरी कसं? तिची चिडायची सोयच राहिली नव्हती.

गेले काही महिने मात्र साखरबाईच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. आंघोळ केली की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं. ऑफिसचा जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि कुणी आलं की मोबाईलमध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक करायची. संध्याकाळी घरी आली की चपला पायात तशाच ठेवून पलंगाच्या कडेला बसायची. काढा त्या चपला, असं म्हणणारंही घरात कुणी नव्हतं.

तिनं कुणाला सांगून पाहिलं नाही असं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला एकदा म्हणाली, "मी हल्ली फार दमते गं."

"अगं बाई, कोण नाही दमत!" मैत्रिणीनं सासूच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली ती मुलाच्या परीक्षेपर्यंत आली. तेवढ्यात साहेब आले. "थकवा काय असतो ते मला विचारा," म्हणाले, आणि सगळ्यांना उभ्याउभ्याच ऐकवलं. चहाच्या सुट्टीत कोण जास्त दमलंय याची अशी काही चढाओढ लागली की साखरबाई पहिल्याच फेरीत बाद झाली.

डॉक्टर मात्र या स्पर्धेत उतरले नाहीत. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. मग म्हणाले, "रक्त फारच कमी आहे. आतून कुठेतरी जातंय, आणि कुठून ते कळल्याशिवाय औषध काय देणार? पोटात कॅमेरा घालून बघावं लागेल. लांबणीवर टाकू नका. गुरुवारी उपाशीपोटी या, आणि सोबत कुणालातरी आणा."

"एकटी आले तर चालणार नाही का?"

"छे! गुंगीचं इंजेक्शन असतं. त्यानंतर एकटीला घरी कसं सोडणार? कुणीही चालेल हो. नवरा, भाऊ, शेजारीण, कुणीही."

कुणीही म्हणताना डॉक्टरांना वाटलं असणार, काम सोपं करून दिलं.

शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. ती लेकीकडे गेलेली. मैत्रीण हळहळली, पण एका दिवशी दोन टेबलं रिकामी ठेवायला साहेब कुठले तयार होतात? राहता राहिली धाकटी बहीण. ती दुसऱ्या गावी, पण सकाळच्या गाडीनं निघाली तर वेळेत पोचली असती. आई गेल्यापासून दोघींचं येणंजाणं जवळजवळ थांबलं होतं. भांडण नव्हतं, फोन चालू होते. बहीण बोलायची आणि ही ऐकायची, इतकंच.

मंगळवारी ऑफिसातून आल्या आल्या तिनं फोन लावला. 'गुरुवारी मोकळी आहेस का?' हे एवढंच विचारायचं होतं.

"ताई! बरं झालं बाई फोन केलास. माझा नुसता जीव मेटाकुटीला आलाय बघ!" बहिणीनं तोंड उघडलं. छत गळतंय, नवरा ढिम्म हलत नाही, घरमालक फोन उचलत नाही. ही मध्ये शिरायला फट शोधत होती. पण दिवसभर फोनवर बोलून डोकं बधिर झालेलं, आणि तोंड आपलं सवयीनं चालूच. "हो का… अरेरे… कधीपासून होतंय असं?" बहीण आणखी सांगत गेली, सांगता सांगता रडायला लागली.

"तुमची अडचण समजू शकते हं," साखरबाई म्हणाली. "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

साखरबाईनं जीभ चावली, पण आता काय उपयोग! "अगं, सवयीनं गेलं तोंडून. खरंच गं."

"तुमची? आम्ही?" बहिणीचा आवाज चिरकला. "मी कोण आहे गं ताई? नळाला पाणी नाही म्हणून फोन करणारी कुणीतरी? आई गेली तेव्हापासून हे असंच चाललंय. मी आपली रडते आणि तू नोंद करून घेतेस. स्वतःचं एक अक्षर तरी सांगितलंस कधी? परकी करून टाकलंस मला."

फोन बंद झाला. आता पुन्हा लावून 'माझ्यासोबत ये' म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं? साखरबाईनं फोन उशीखाली सारला. बुधवारी ऑफिसात तिनं नेहमीच्याच मऊ आवाजात तक्रारी घेतल्या.

गुरुवारी ती एकटीच गेली. बसायच्या खोलीत सगळी जोडीजोडीनं आलेली माणसं. एकानं आत जायचं आणि दुसऱ्यानं त्याचा चष्मा, पिशवी, चपला सांभाळायच्या. साखरबाईनं आपली पर्स पोटाशी धरली.

"सोबत कोण?" नर्सनं विचारलं.

"भाऊ आहे. गाडी लावतोय खाली."

सख्खा, चुलत, मावस, कसलाच भाऊ तिला नव्हता. मागून आलेली माणसं आत जाऊन आली, गुंगीत, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर भार टाकून. नर्स पुन्हा आली. "गाडी लागली का त्यांची?"

"कोणी नाही माझ्यासोबत," साखरबाई म्हणाली. "मीच आहे. करा ना तसंच. मी बसून राहीन इथे, गुंगी उतरेपर्यंत हलणार नाही. कुठे लिहून देऊ सांगा."

"नाही हो करता येत. नियम आहे."

आणि साखरबाई चक्क ओरडली. "मग ज्यांचं कोणीच नसतं त्यांचं तुम्ही काय करता हो?"

सगळ्या माना वळल्या. नर्सच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिची ड्यूटी कधीच संपून गेलेली असावी. ती चिडली नाही. खाली वाकून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "त्यांना आम्ही पुढची तारीख देतो."

साखरबाईनं पुढची तारीख घेतली. वर थँक यूसुद्धा म्हणाली.

खाली उतरताना ती मध्येच पायऱ्यांवर बसली. माणसं तिला वळसा घालून जात होती. एवढं एकटं तिला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तिनं बहिणीला फोन लावला.

"बोल," बहीण म्हणाली. रागात होती अजून.

साखरबाईनं तोंड उघडलं. एकेक हुंदका तेवढा येत राहिला.

"ताई? ताई, तू रडतेस? अगं, कुठे आहेस तू?"

तिनं सांगितलं. मोडकंतोडकं, उलटसुलट, पण रक्त, कॅमेरा, खोटा भाऊ, सगळं सांगितलं. बहिणीनं मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी म्हणाली, "त्या तारखेला मी येते. आदल्या दिवशीच येते. आणि आत्ता? आत्ता कोण बघतंय तुझ्याकडे?"

"मी आहे ना," साखरबाई म्हणाली.

पलीकडून रडू ऐकू आलं. त्यावर काय म्हणायचं असतं, ते साखरबाईला काही केल्या सुचेना.