चारशे सह्यांचं दुकान

शहराच्या ऐन मध्यवस्तीत जुनी गोदामं पाडून सात मजली इमारत व्हायची ठरली. वर राहायची घरं, खाली गाळे. बिल्डरच्या नकाशात गाळ्यांवर बँक, जिम आणि कॉफीचं दुकान असं लिहिलेलं होतं. किराण्याचं नाव नाही.

"म्हणजे आम्ही चेकबुक शिजवून खायचं का?" वस्तीच्या भर सभेत बिल्डरला हे विचारलं ते बाईंनी. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आजूबाजूला साधं मीठ मिळायचं नाही, दोन बस बदलाव्या लागत. दुखऱ्या गुडघ्याने जिने चढून बाईंनी चारशे सह्या गोळा केल्या आणि बिल्डरला एक गाळा किराण्यासाठी सोडायला लावला. पुढे त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या मुलासुनेबरोबर राहायला आल्या.

उपनगरातला एक दुकानदार आपलं चालतं दुकान मोडून बायकोसह यायला तयार झाला. यायच्या आधी त्याने बाईंना विचारलं होतं, "लोक येतील ना?"

"येतील म्हणजे काय! मी शब्द देते."

पहिले तीन महिने दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मग मुलाने गाडी घेतली आणि एका रविवारी सगळे शहराबाहेरच्या मोठ्या मॉलमध्ये गेले. नुसतं बघायला. तिथे तेल स्वस्त, पाव गरम आणि साबणांची तर अख्खी भिंत. सून म्हणाली, "आई, आपल्या खालच्या दुकानातून घेऊ ना, बरं दिसत नाही." ट्रॉली ओढली ती बाईंनीच.

पुढे दर रविवारी तोच शिरस्ता. सामान तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टने परस्पर वर जायचं, दुकानासमोरून जायची वेळच यायची नाही. अधूनमधून बाई खाली जाऊन कोथिंबिरीची जुडी किंवा काडेपेटी घ्यायच्या आणि पंधरा मिनिटं गप्पा मारायच्या. ज्याला काही घ्यायचं नसतं तो बोलतो फार.

एका रविवारी मुलगा-सून गाडी लावत होते. पिशव्या घेऊन बाई एकट्याच पुढे निघाल्या आणि लिफ्ट तळमजल्यावर येऊन बंद पडली. दार उघडलं तर समोर दुकानाचं मागचं दार, आणि त्यात रिकामा क्रेट घेऊन उभा दुकानदार. बाईंच्या पायाशी मॉलच्या नावाच्या सहा पिशव्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"लिफ्ट आता तासभर चालायची नाही," तो म्हणाला. "द्या इकडे."

"नको, नको हो..."

तोवर चार पिशव्या त्याने उचललेल्या होत्या. चार मजले तो पुढे आणि बाई मागे. दाराशी सामान ठेवून तो वाकला, एका पिशवीतून अंड्यांचा खोका काढून वर ठेवला. "अंडी तेलाखाली ठेवू नका, बाई. फुटतात." एवढंच बोलून उतरून गेला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

महिन्याभरात दुकान बंद होत असल्याची पाटी लागली. रहिवाशांची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, "माणसाला धंदाच जमला नाही. माल शिळा असायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाई उठल्या. "माल शिळा झाला, कारण आपण उचलला नाही. सह्या मी घेतल्या, त्याला शब्द मी दिला, आणि सहा महिने मी मॉलमधून सामान आणतेय. तेही चोरून."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "अय्या, बाई, तुम्हीसुद्धा?" आणि खोलीभर हसू पसरलं, मोकळं, सुटल्यासारखं. बाईंनीच केलं म्हटल्यावर प्रत्येकाचं ओझं उतरलं होतं. ते हसू बाईंना थपडेसारखं लागलं. त्या तशाच खाली दुकानात गेल्या.

दुकानदार डबे बांधत होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"पहिल्यापासून माहीत होतं मला," तो म्हणाला. "लिफ्टची भिंत माझ्या गोदामाला लागून आहे. दर रविवारी पिशव्यांची सळसळ आणि तुमचा आवाज ऐकू यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही कोथिंबीर घ्यायलाही आला नसतात."

कोपऱ्यात त्याची बायको फळ्या पुसत होती. बाईंनी पदर खोचला, बादलीतलं दुसरं फडकं पिळलं आणि शेजारची फळी पुसायला घेतली. तिने एकदाही मान वर केली नाही. काम संपल्यावर "आता पुरे, घरी जा," असं भिंतीकडे बघतच म्हणाली.

गाळ्यात पुढे मोबाईलचं दुकान आलं. लिफ्ट आता नीट चालते, पण बाई जिन्यानेच उतरतात, त्या गाळ्यासमोरून, मान खाली घालून.