तेराव्या महिन्याची पाळी

चंदाबाईंनी हे संकट स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं, असं त्यांची धाकटी सून रीता चारचौघींत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांचे यजमान गुणवंतराव गेले तेव्हा धानाची जमीन दोन भावांत वाटली गेली, भांडी वाटली गेली, आणि पाहुणे परतायच्या आत आईचीही वाटणी झाली. थोरला दिनेश भद्रावतीला, एका कोळसा वाहतूकदाराच्या कचेरीत हिशेब बघायचा. धाकट्या विक्कीचं गोंडपिपरीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. आई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. पण महिना कुठला धरायचा? इंग्रजी धरला तर फेब्रुवारीवाल्याचं फावणार, म्हणून दोघे भाऊ दुपारभर हसत हसत भांडले. शेवटी आतल्या खोलीतून चंदाबाई हळूच म्हणाल्या, "मराठी महिने धरा ना. अमावास्या ते अमावास्या. माहे उपासतापास एका घरी पुरे होतीन, मधीच गाठोडं उचलाव लागनार नाई."

दिनेशला हे पटलं. तो टापटिपीचा माणूस. फोन, घरचा कॉम्प्युटर आणि कचेरीतला कॉम्प्युटर, एकात लिहिलं की तिन्हीत उमटतं अशी सोय त्यानं करून घेतली होती, आणि लोक देवघर दाखवतात तशी ती तो आल्यागेल्याला दाखवायचा. त्यानं घराचं एक कॅलेंडर काढलं. विक्कीचा फोन आणि दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर त्याला जोडले. आईला टचफोन घेऊन दिला आणि तोही जोडला. दर पाडव्याला भिंतीवरचं पंचांग समोर ठेवून तो वर्षाच्या पाळ्या भरायचा. दिनेशच्या हिरव्या, विक्कीच्या नारिंगी.

"पाळी आली का हे वाजंन," त्यानं आईला शिकवलं. "'आई – दिनेशकडे. येणार?' असं इचारंन. खाली हो, नाही, कदाचित, असे तीन बटनं हायेत. तू फक्त हो दाबायचं."

"आन बाकीचे दोन?"

"ते हापिसवाल्यायसाठी अस्ते. तुले लागत नाई."

आईचं खातं त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवरही उघडून ठेवलं. म्हणजे आईला काही सुचलं नाही तर तिकडून करता यावं. घरच्या सगळ्यांचे नंबर एकत्र केले, दुबार होते ते काढले, ओळखीचे नव्हते तेही काढले. त्यामुळे चंदाबाईंच्या फोनात आता ट्रकवाले होते, टायरवाला होता, थोरल्या सुनेची, मोनालीची, ब्युटीपार्लरवाली होती. आणि सोमारी नव्हती.

सोमारी आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. गुणवंतराव असताना वर्षातून दोनदा चारोळी घेऊन घरी यायची, रात्री ओसरीवर झोपायची आणि सकाळी निघताना दरवेळी म्हणायची, "कवाबी ये, बाई. आमच्याकडं जागाच जागा."

"सोमारी चारोळीवाली म्हंजे कोन?" दिनेश म्हणाला होता. "लय कचरा होता तुह्या फोनात, आई. साफ केला."

कामांचीही एक यादी होती. तीत चंदाबाईंच्या नावापुढं रोज सकाळी यायचं, 'आई – बीपीची गोळी'. गोळी घेतली की त्यावर बोट ठेवायचं, मग रेघ पडायची आणि 'पूर्ण' दिसायचं. बोट ठेवायचं राहिलं तर ते लाल व्हायचं, सगळ्यांच्या सगळ्या यंत्रांवर. दिनेशला लाल खपत नसे.

यंदा ज्येष्ठ अधिक होता. चंदाबाईंना ते तीन वर्षांपासून ठाऊक होतं. पुरुषोत्तमाचा महिना, एकवेळ जेवायचं, जेवताना बोलायचं नाही, रोज नदीत दिवा सोडायचा, असं सगळं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तो कोणाच्या घरी येणार हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. दिनेशच्याही नाही. पाडव्याला त्यानं बारा नावं घेतली आणि बारा पाळ्या बसवल्या. विक्कीच्या नारिंगी वैशाखानंतर दिनेशचा हिरवा ज्येष्ठ होता, आणि दोहोंच्या मध्ये मे-जूनचा एक अख्खा पट्टा पांढरा राहिला.

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात तो विक्कीला दिसला. त्यानं भावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. चंदाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या.

"भाऊ, आईले अमावास्येले पाठवतो."

"काऊन? माहा ज्येष्ठ तर अर्ध्या जूनपासून हाये. पाह्य ना कॅलेंडर."

"अधिक ज्येष्ठ हा ज्येष्ठच ना. ज्येष्ठ तुहा."

"अधिक म्हंजे वाढीव, विक्की. चालू पाळीवर वाढीव. गाडीले उशीर झाला तं त्याच तिकिटावर बसून राह्यते मानूस."

"मंग तुह्या श्रावणापाठी अधिक भाद्रपद आला असता तं?"

"नाई आला ना," दिनेश शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे.

रीता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आई, तुमच्या देवालेबी वर्ष बारा महिन्यांत पुरलं नाई का वो? का तुमच्याचसाठी वाढवून देल्लं?"

चंदाबाई हसल्या. त्यांना वाटलं, हसलं म्हणजे विषय मिटेल.

दुपारी विक्कीनं दुकानातून नोंद केली. चंदाबाईंचा फोन वाजला. 'आई – दिनेशकडे. येणार?' त्यांनी हो दाबलं. चहाच्या वेळी परत वाजला. 'आई – विक्कीकडे. येणार?' त्यांनी तेही हो केलं. मग रोजच सुरू झालं. पांढरा पट्टा हिरवा व्हायचा, नारिंगी व्हायचा, पुन्हा हिरवा. पूजेत वाजायचं, जपात वाजायचं. माळ बाजूला ठेवून त्या हो दाबायच्या, कारण दाबलं नाही तर यंत्र बिघडेल आणि पोराचं काम अडेल असं त्यांना वाटे.

अमावास्येला विक्कीनं त्यांना चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं. "तिथी भद्रावतीची गाडी धर. भाऊ घेऊन जाईन स्टँडवरून."

चंद्रपूरच्या स्टँडवर ऊन असं की बाकाला हात लावता येत नव्हता. पदर पसरून त्या टेकल्या, तोच फोन वाजला. 'आई – विक्कीकडे. येणार?'

त्यांनी दिनेशला लावला.

"अवं आई, तू निघाली काऊन? मी सकाळपासून दोनदा बदलवलं ना. आम्ही मोनालीच्या माहेरी चाललो, घराले कुलूप हाये. पाह्यत जा ना निघायच्या पयले."

त्यांनी विक्कीला लावला.

"मी आता हिरवं केलं, आई. तू जाय बिनधास्त. दारात उभी राह्यली तं कोन हाकलते तुले?"

हे बोलणं चालू असतानाच फोन दोनदा वाजला. चंदाबाईंनी दोन्हीला हो म्हटलं.

मग मुलगी आठवली. हर्षा आलापल्लीला पवनला दिली होती. ट्रकवाल्यांच्या नावांतून तिचं नाव शोधायला वेळ लागला.

"ये ना आई," हर्षा म्हणाली. "पन हा धोंड्याचा महिना हाये. याच महिन्यात जावयाले जेवू घालायचं, अनारशाचं वाण द्यायचं, आन तूच आमच्या घरी जेवाले येशीन? पवनची आई कालच इचारत होती, यंदा वाण कोन देनार, थोरला का धाकटा? मी काय सांगू तिले? वाण घेऊन येशीन तं ये. नाईतं अधिक सरल्यावर ये."

"बरोबर हाये, बाई," चंदाबाई म्हणाल्या. रीत त्यांनीच मुलीला शिकवली होती.

सोमारीचं नाव त्यांनी तरीही शोधलं. 'स'मध्ये सर्व्हिसिंगवाला होता, सागवान डेपो होता.

समोर चामोर्शीकडे जाणारी गाडी लागली. मार्कंड्याला वैनगंगा आहे, महादेव आहे, देवळापासून थोडं अलीकडे एक धर्मशाळा आहे. चंदाबाईंनी पिशवी उचलली. त्या दिवशी फोननं विचारल्याशिवाय त्यांनी केलेली ही एकच गोष्ट.

धर्मशाळेच्या राखणदारानं भिंतीकडची जागा दिली. त्या अंगण झाडायच्या, पाणी भरायच्या, एकवेळ खिचडी खायच्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, "पोरायनंच पाठवलं. म्हने, आई, अधिकाचं पुण्य कर." हे ऐकून बायका त्यांना नशीबवान म्हणायच्या.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी घरच्या ग्रुपवर बोलून पाठवलं होतं, की मी मार्कंड्याले हावो, महिनाभर इथीच नदीवर राहीन. दिनेशचे जोडलेले हात आले. विक्कीचा अंगठा आला. रीतानं लिहिलं, 'मज्जा आहे आई तुमची.' आणि रात्री कॅलेंडरमधला पांढरा पट्टा जांभळा झाला. 'आई – मार्कंडा. येणार?' त्यांनी हो दाबलं. त्यानंतर पाळीवरून फोन वाजला नाही. कोणी फोन करून विचारलंही नाही की निजायला काय आहे, खायला काय आहे.

वाजायची ती गोळी. पिशवीतलं पाकीट पहिल्या आठवड्यातच संपलं. चामोर्शीच्या औषधवाल्यानं चिठ्ठी मागितली, ती भद्रावतीला कपाटात होती. ग्रुपवर सांगितलं तर परत जोडलेले हात आले. रोज सकाळी फोन म्हणायचा, 'आई – बीपीची गोळी', आणि चंदाबाई चष्मा शोधेपर्यंत त्यावर रेघ पडलेली असायची. पूर्ण. भद्रावतीला कचेरीत बसल्या बसल्या दिनेश पहिलं काम ते करायचा. दुपारी चंदाबाईंच्या कानात भुंगा फिरायचा, देवळाच्या पायऱ्या हलायच्या. त्या भिंत धरून बसायच्या आणि फोनातली ती रेघ बघायच्या. कधी कधी त्यांना खरंच वाटायचं की आपण गोळी घेतली असेल, विसरलो असू.

अधिकाची अमावास्या झाली. राखणदाराच्या बायकोच्या चुलीवर चंदाबाईंनी अनारसे तळले, दिनेशच्या पोरांसाठी. काही फुटले, ते त्यांनी स्वतःसाठी वेगळे ठेवले आणि मग तेही डब्यात टाकले. आता निज, म्हणजे खरा ज्येष्ठ. हिरवा. त्यात वादाला जागा नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीसाठी त्या अंघोळ करून फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

फोन वाजला. त्यांनी ओळखीच्या हिरव्या रंगासाठी चष्मा लावला.

'आई – मार्कंडा. दर महिन्याला. येणार?'

खाली दोघा भावांची नावं होती आणि दोन्हींपुढं हो. बापाच्या माघारी दोघांचं एका गोष्टीवर जमलेलं त्या पहिल्यांदा बघत होत्या. बोटानं पुढं सरकवलं तर आषाढ जांभळा, श्रावण जांभळा, दिवाळी जांभळी.

चंदाबाईंचा अंगठा सवयीनं 'हो'वर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी दुसरं बटण दाबलं, जे त्यांना लागत नाही असं सांगितलं होतं. नावापुढं 'नाही' आलं.

लगेच दिनेशचा फोन आला. महिन्यातला पहिला.

"आई, बरी हायेस ना? ते 'नाही' दाबल्या गेलं वाट्टे चुकून."

"चुकून नाई, बापू. ज्येष्ठ तुहा हाये. मी फाट्यावर उभी हावो. अनारसे केले पोरायसाठी."

पलीकडे कळफलक वाजत होता.

"अवं, आमचं दोघायचं एकमत झालं. तुले तं आनंद व्हायले पायजे. मीच म्हनलं विक्कीले, आईले करमते तिथी, देव हाये, नदी हाये. आन तुह्या खोलीत आता पोराचं टेबल लावलं. तब्येतबी सुधारली तुही. एक दिवस गोळी चुकली नाई."

"गोळ्या सरल्या, दिनेश. कवाच्याच सरल्या."

"नाई सरल्या. मले सगळ्या पूर्ण दिसून राह्यल्या ना, आई. रोजच्या रोज." तो समजावणीच्या सुरात बोलत होता. "तू काई करू नको. थांब, मी इथूनच हो करून देतो."

गाडी आली. कंडक्टर दार धरून म्हणाला, "चढता का, बाई?"

चंदाबाईंच्या एका हातात अनारशांचा डबा होता, दुसऱ्यात फोन. त्यांचं बोट कशालाही लागलेलं नव्हतं. ज्येष्ठापुढचं 'नाही' गेलं आणि 'हो' आलं. मग आषाढापुढं हो आलं. मग श्रावणापुढं.

"बाई?"

त्यांनी मान हलवली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी गेली.

धूळ खाली बसते न बसते तोच फोन पुन्हा वाजला. 'आई – बीपीची गोळी'. त्या बघत होत्या तोवर त्यावर रेघ पडली.